निळे टाके

मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडला नाव टोब्बेचं आणि टपरीला नाव आनेलीचं, असं क्लबच्या कमिटीनं एकमतानं ठरवलं, आणि वर आनेलीनं खूश व्हावं अशीही त्यांची अपेक्षा होती.

ही बातमी द्यायला अध्यक्ष योआकिम स्वतः घरी आला. तसा चांगला पोरगा. चाळिशीचा, सॉ मिलच्या ऑफिसात कामाला. येताना बेकरीतून हिरवा केक घेऊन आला, दारात बूट काढले आणि मोज्यांनिशी स्वयंपाकघरात येऊन बसला.

"क्लबला शंभर वर्षं होताहेत. म्हटलं, काहीतरी जोडीनं व्हावं," तो म्हणाला. "नवा स्टँड टोब्बेच्या नावाचा. क्लबच्या इतिहासात सगळ्यांत जास्त गोल, एकशे त्रेचाळीस! आणि टपरीवर पाटी तुझी, आनेली. 'आनेलीची वॉफल टपरी'. अख्ख्या गावानं तुझ्या हातची वॉफल खाल्लीयेत."

टोब्बे म्हणजे आनेलीचा नवरा. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि मग केककडे.

"सगळ्यांत जास्त?" आनेलीनं विचारलं.

"फुटबॉलमध्ये गं," योआकिम म्हणाला, आणि काहीतरी निसटलं असं वाटून हसला. "म्हणजे, बायकांच्या फुटबॉलमध्ये तुझे जास्त आहेत, ते मला माहितीये. किती होते? दोनशे?"

"तीनशे बारा."

"बाप रे!" योआकिम म्हणाला, आणि त्यानं केकचा दुसरा तुकडा घेतला.

झालं, विषय संपला. आनेलीनं त्याला आणखी कॉफी ओतली. आपल्या तोंडानं आपला आकडा सांगितला म्हणून तिचे कान मात्र तापले होते. आपण होऊन आपलं मोठेपण सांगायचं नाही, हे त्या गावात दूध सुटायच्या आधी अंगात मुरतं. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि वाटली कुणाला!

तीनशे बारा गोल. उत्तरेच्या लीगमध्ये तो आकडा आजवर कुणीही गाठलेला नाही, आणि त्यातले निम्मे तरी खडीवर झालेले. गवताचं मैदान पुरुषांचं. त्यांची मॅच रविवारी, म्हणून शनिवारी गवताला विश्रांती हवी, म्हणून बायकांनी मागच्या खडीच्या मैदानात खेळायचं. आनेलीच्या गुडघ्यांच्या कातडीखाली आजही काळे कण दिसतात. दवाखान्यात नवी नर्स आली की हमखास विचारते, हे काय झालंय म्हणून.

पहाटे उठून ती पोस्टाची पिवळी गाडी घेऊन जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल टाकत फिरायची. संध्याकाळी पुरुषांचा सराव उरकला की मैदानातले दिवे विझायच्या आत यांचा सराव. देशाच्या संघातून चारदा खेळली, चारही वेळा बिनपगारी रजा टाकून. "परत चाललीस का भटकायला?" पोस्टमास्तर विचारायचा. तिकडून दोन गोल करून परत आली की तोच म्हणायचा, "आलीस का? पिशव्या पडल्यात बघ."

आणि टपरी! पुरुषांच्या मॅचला टपरी बायकांच्या टीमनं चालवायची, आणि त्या कमाईतून आपल्या बसचं भाडं भागवायचं. पुरुषांच्या बसचं भाडं क्लब भरायचा. ते असं का, हे कुणी विचारलंच नाही. शनिवारी चार गोल ठोकलेली आनेली रविवारी ॲप्रन बांधून वॉफलच्या साच्यापुढे उभी. मैदानात टोब्बेनं गोल केला की लोक उसळायचे, आणि खिडकीतून तिला दिसायच्या नुसत्या पाठी. लोकांच्या पाठी बघण्यात तिच्या तारुण्यातले रविवार गेले.

जर्सी तरी कुठली नवी मिळायला? पुरुषांच्या उतरलेल्या जर्सी खोक्यातून बायकांकडे यायच्या. टोब्बेनं नऊ नंबर दोन मोसम घातला आणि मग तो आनेलीच्या वाट्याला आला. बाह्या बोटांवर यायच्या, खालची कड मांड्यांपर्यंत. तेव्हा दोघांचं नुसतं जमत होतं. 'लग्नाआधीच शिरली की त्याच्या जर्सीत,' असं लोक चावटपणे म्हणायचे. त्या जर्सीत ती आठ मोसम खेळली.

लीगचा विक्रम मोडला तोही त्याच जर्सीत. ऑक्टोबरातली मॅच, खडीवर चिखल आणि बर्फाचा राडा. उजवीकडून बॉल आला तो खाली, गुडघ्याएवढा. शहाणा माणूस खडीवर अंग टाकत नाही. आनेलीनं टाकलं, डोक्यानं बॉल आत घातला आणि उजव्या कोपरावर घसरत गेली. बाही फाटली, कोपर फाटलं, बाही रक्तानं भिजली. कोपराला डॉक्टरनं टाके घातले. बाहीला तिनं स्वतः घातले. घरात हिरवा दोरा नव्हता, म्हणून पोस्टाच्या निळ्या स्वेटरची कड उसवून त्याच लोकरीनं रफू केलं. हिरव्यावर निळं. पुढच्या शनिवारी काहीतरी घालायला तर हवंच होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी टपरी धुवायला वीवी आली. वीवी बायकांच्या त्या जुन्या टीमची गोलकीपर. गोलमध्ये जशी आडवी पडायची तशीच बोलतानाही आडवी पडते.

"टपरी?" साच्यावरचं जुनं तूप खरवडत ती म्हणाली. "टपरी! आता फक्त संडास उरलाय. तो माझ्या नावानं करायला सांग त्यांना."

"हळू बोल."

"का म्हणून हळू? जन्मभर हळूच बोलतोय आपण. आणि तुझा तो नवरा? तो मूग गिळून बसलाय?"

"वीवी, पुरे."

"पुरे काय? अजून ऐक. क्लबहाऊसमध्ये काचेच्या चौकटीत जर्सी लावताहेत. टोब्बेची. माळ्यावर सापडली म्हणे. मी आत्ताच बघून आले." वीवीनं खरवडणं थांबवलं. "उजव्या कोपरावर निळे टाके आहेत, आनेली."

आनेलीच्या हातातला फडका जागच्या जागी राहिला.

"ती माझी आहे," ती म्हणाली.

"मला सांगू नकोस. त्याला सांग. नाहीतर उद्या मी सांगते, सगळ्यांदेखत. सांगू?"

"नको." आनेली घाईनं म्हणाली. "मी बघते."

बायकोनं स्वतः ओरडून सांगायचं आणि गावानं 'हो का' म्हणायचं, हे तिला नको होतं. ते त्याच्या तोंडून यायला हवं होतं. त्याच्याच तोंडून. दुसऱ्या कुणाच्याही तोंडून आलं असतं तर ती तक्रार झाली असती.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर टोब्बे भांडी पुसत होता. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "टोब्बे, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

त्यानं विचार केला. "नाही बुवा."

"आता मागतेय. उद्या ती जर्सी दाखवतील, तेव्हा सांग. ते निळे टाके कुठून आले ते सांग. तेवढंच. स्टँड तुझाच राहू दे, मला नकोय तो."

टोब्बेनं बशी खाली ठेवली. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. तो काही वाईट माणूस नव्हे, आणि तीच तर पंचाईत. "सांगतो की," तो म्हणाला. "सांगायलाच हवं. मला काय आठवत नाही? मीच नेलं होतं तुला दवाखान्यात. गाडीची सीट लाल झाली होती. शब्द देतो, आनेली. टाक्यांचं सांगतो."

ती गाढ झोपली. सकाळी केस धुतले, निळा ब्लाउज इस्त्री केला. माणसं आपल्याकडे वळतील तेव्हा हसायचं की नुसती मान हलवायची, हेसुद्धा तिनं मनात ठरवून टाकलं. वेडी! साठी उलटलेली बाई आणि शाळकरी पोरीसारखी आरशापुढे उभी.

मैदानात अख्खं गाव जमलं होतं. चिलटांनी जीव नकोसा केला होता, पण लोक खुशीत होते. योआकिम घाईघाईनं तिच्याकडे आला. "आनेली, तू आधीच टपरीत उभी राहशील का? म्हणजे रिबन कापली की गरम गरम वॉफल तयार! लोक लगेच रांग लावतील बघ."

ती आत गेली, ॲप्रन बांधला. पायाशी पिठाची बादली, हाताशी पिवळ्या रानफळांचा मुरंबा. समोर खिडकी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाठी. मनात म्हणाली, आजच्या दिवस फक्त. आज त्या वळणार आहेत.

माईक खरखरला. योआकिमनं एकशे त्रेचाळीसचा आकडा सांगितला, टाळ्या झाल्या. दोन पोरांनी ती चौकट उंच धरली. हिरवी जर्सी, पाठीवर नऊ. टोब्बे माईकपाशी आला. त्यानं जुन्या टीमचे आभार मानले, वारलेल्या कोचचे मानले, त्याचा आवाज जरा कापला, लोकांना ते आवडलं.

"आणि ही बाही बघा," तो म्हणाला.

आनेलीनं टपरीची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हे निळे टाके. हे माझ्या आनेलीच्या हातचे."

तो थांबला. क्षणभरच थांबला, पण तिनं ते ओळखलं. अख्खा जन्म तिनं पुढच्या फळीत काढला होता. समोर गोल मोकळा आहे, बाजूला आपला गडी उभा आहे, आणि पास द्यायचा की स्वतः मारायचा हे माणूस ठरवतो, तो क्षण तिला कळायचा नाही तर कुणाला? टोब्बेनं समोरच्या माणसांकडे पाहिलं. सगळे त्याच्याकडे प्रेमानं बघत होते.

"माझ्यासारख्या धसमुसळ्या माणसाचे कपडे ही बाई जन्मभर शिवत आलीये," तो म्हणाला. "घरात हिरवा दोरा नव्हता तर निळा लावला. पण फाटक्या बाहीनं मला कधी मैदानात पाठवलं नाही!"

लोक हसले. "अगं बाई!" असं कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्या पाठी वळल्या. गावातला प्रत्येक चेहरा टपरीच्या खिडकीकडे वळला, हसरा, लाघवी, आणि टाळ्या वाजवू लागला. चांगली बायको म्हणून.

त्या गर्दीत जुन्या टीमच्या चारपाच जणी होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्या आपापल्या बुटांकडे बघत राहिल्या. भर कार्यक्रमात तमाशा कोण करणार? वीवी तेवढी वळली नाही. तिची पाठ टपरीकडेच राहिली आणि डोळे टोब्बेवर.

आनेलीचा चेहरा हसला. तिनं हसवला नाही, तो आपला आपण हसला, सवयीनं, आणि त्या हसण्याचाच तिला सगळ्यांत जास्त संताप आला. शिव्या द्याव्यात, बादली उचलून भिरकावून द्यावी, असं वाटत होतं. नेहमी तोंडाला पानं पुसली जायची ती परक्यांकडून. आज घरच्या माणसानं पुसली होती, आणि तिनंच मागितलेल्या शब्दात. टाक्यांचं सांगतो म्हणाला होता. सांगितलं की!

रिबन कापली गेली, रांग लागली. हात आपले चालू लागले. पीठ ओत, साचा मिट, उलट, मुरंबा घाल.

"काय सुबक टाके गं!" एक जण म्हणाली. "आमच्या ह्यांचे मोजे आणून देऊ का?"

"मीठ कमी आहे का जरा?" दुसऱ्यानं विचारलं.

वीवी मागच्या दारानं आत आली. "चल घरी," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चल."

"रांग आहे," आनेली म्हणाली.

मग टोब्बे आला. हातात फुलांचा गुच्छ, गाल लाल, शर्टावर कुणाचे तरी कॉफीचे थेंब. "टोब्बेला आधी द्या रे!" म्हणत लोकांनी त्याला पुढे केलं. तो खिडकीवर वाकला आणि हळूच म्हणाला, "सांगितलं ना मी? टाक्यांचं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता. 'हो, सांगितलंस' एवढं तिनं म्हणावं, की तो रात्री शांत झोपणार होता, आणि पुढे सगळी वर्षं.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"मग झालं तर." त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "दे की एक मलापण. मुरंबा जरा जास्त घाल."

बादली तिच्या पायाशी होती. अर्धीअधिक भरलेली. तो वाकला होता, त्याला ती दिसत होती.

"पीठ संपलं," आनेली म्हणाली.

"अगं, हे काय इथं..."

"संपलं, टोब्बे."

तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. रांगेत कुणीतरी खाकरलं. गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेत तो बाजूला सरकला आणि टपरीच्या भिंतीला टेकून उभा राहिला, नव्या पाटीखाली. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला तिच्याकडे बघायचं की आपल्या नावाच्या स्टँडकडे, हे त्याला कळेना.

आनेलीनं डावानं बादली ढवळली. "बोल, तुला किती?" तिनं त्याच्या मागच्या बाईला विचारलं.

बाईनं एकदा टोब्बेकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दोन."

आनेलीनं साचा उघडला आणि पीठ ओतलं.