वाळूतल्या तारा

“कान झाका, वहिनी,” तो म्हणाला. तिने झाकले नाहीत.

जाड काचेपलीकडे कडाड्‌कन आवाज झाला, पांढरा लखलखाट झाला आणि संपलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

तिचा नवरा, त्याचा थोरला भाऊ, जाऊन दोन महिने होत आले होते. दोघेही भाऊ याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. घरी कुणी कामाचं विचारलं की थोरला हसून म्हणायचा, “आठवडाभर जुळवतो आणि पापणी लवायच्या आत मोडतो.” ते मोडणं एकदा डोळ्यांनी पाहायचं, म्हणून ती साहेबांच्या मागे लागून आत आली होती.

धाकट्याने जळकी नळी तिच्यापुढे उघडली. नळीतल्या वाळूत तांब्याच्या बारीक तारा पुरायच्या. त्यांच्यातूनच तारेच्या मोठ्या वेटोळ्यात विजेचा प्रवाह चढवत न्यायचा. ऐन भरात या तारांची वाफ होते आणि प्रवाह तुटतो. हाच त्यांचा स्विच, एकदाच चालणारा.

“प्रवाह थांबायला तयार नसतो, वहिनी. हट्टाला पेटतो. मग व्होल्टेज असं उसळतं की बघायला नको. आम्हाला तोच झटका हवा असतो.”

“आणि त्या दिवशी?”

“तारा धड तुटल्या नाहीत. नळी फुटली. दादाच्या पुढचा आडोसाच उडाला.”

“त्यांना काही कळलं नसेल ना?”

“छे! क्षणात आटोपलं सगळं.” तो खाली मान घालून वाळू चाळू लागला.

“भाऊजी, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर भेटला होता मला. वाटभर तुमच्याशी बोलत होते म्हणाला.”

त्याचे हात थांबले.

“काय म्हणाले?” तिने विचारलं.

“म्हणाला, तिला इतक्यात कळवू नकोस. ताटावरून उठून धावत येईल. जेवू दे तिला आधी.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “मला वाटलं, वाचेल. आणि दादाचा शब्द मी कधी मोडला नव्हता, वहिनी.”

ती स्टुलावर बसली.

“जेवले ना मी,” ती म्हणाली. “चांगली पोटभर जेवले. भूक होती म्हणून पुन्हा वाढून घेतलं. भांडी घासून पालथी घातली, जरा आडवी झाले. मग तुमचा फोन आला.”

पलीकडून साहेबांनी विचारलं, पुढची नळी तयार आहे का?

“आणतो,” तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.