फाटकावरची झडती

दुर्गापूरच्या त्या लोखंड कारखान्यात दुर्गापूजा जवळ आली की कायम नोकरीतले कामगार बोनसच्या गप्पा मारू लागत आणि ठेक्यावरच्या बायांची फाटकावर झडती वाढे. सणाच्या दिवसांत गरिबाचा हात लांब होतो, असं साहेबांचं म्हणणं. पहारेकरी गुरुपद लायेकलाही ते पटलेलं होतं.

त्याचा डोळा होता चांपा धीवरवर. राख झाडणाऱ्या अकरा बायांत ही सगळ्यांत थोराड. रोज सुटी झाली की भिंतीआड थांबायची, कमरेची वही काढायची, काहीतरी खरडायची आणि इकडेतिकडे बघत ती पुन्हा खोचायची. झाडूवालीला वही कशाला? चोरांची खबरी असणार ही, गुरुपदने ठरवूनच टाकलं.

पूजेआधीच्या अमावास्येच्या, महालयाच्या, आदल्या दिवशी त्याने तिला सगळ्यांसमोर अडवलं.

"चांपादी, वही काढ."

"घे की. पण मनात नको, मोठ्यानं वाच."

वहीत अकरा नावं होती आणि प्रत्येकीपुढे रोजची एकेक रेघ.

"ही खबर कुणाला देतेस?"

"कामगार कार्यालयाला! समाद्दार ठेकेदार म्हणतो, तुमचे वर्षात तीस दिवस भरत नाहीत, बोनस कसला? गेल्या साली मिठाईचा डबा दिला नि कोऱ्या कागदावर अंगठे घेतले."

"अगं, बोनस कंपनीच्या माणसांना. ठेक्यावरच्यांना कुठला!"

"हे समाद्दारनंच सांगितलं ना तुला? आपल्यासारख्या पगाराच्या माणसाचे तीस दिवस भरले की ठेक्यावर असला तरी बोनस त्याच्या हक्काचा. ठेकेदारानं हात वर केले तर कंपनीकडे लेखी मागायचा. इतकी वर्षं माझा मुरमुऱ्यांचा डबा उघडतोस, दादा. समाद्दारच्या गाडीची डिकी कधी उघडलीस? आणि तू रे कुणाचा माणूस? बाहीवर नाव कुणाचं शिवलंय?"

बाया फिसकन हसल्या. बाहीवर कंपनीचं नाव नव्हतंच. होतं पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीचं. नऊ वर्षांत त्यालाही पूजेला मिठाईच मिळाली होती!

गुरुपदला राग आला. ही मला फितवतेय, असंही वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने फाटकाचं रजिस्टर चाळलं आणि तो चपापला. रोज सकाळी आत येणाऱ्या बायांची नावं त्यानेच लिहिलेली. एकेकीचे अडीचशेच्या वर दिवस! ठेकेदाराचं खोटं उघडं पाडणारा कागद त्याच्याच टेबलावर पडून होता.

चांपाच्या तक्रारीवरून पूजेनंतर कामगार कार्यालयाचे अधिकारी चौकशीला आले. त्याआधी समाद्दार फाटकावर चहा घेऊन हजर. "गुरुपद, पोरीचं लग्न काढलंयस म्हणे? रजिस्टर पावसात भिजलं म्हण. पुढचं मी बघतो."

याने कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं! गुरुपदने चहाला हात लावला नाही. रजिस्टर थेट अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. "अक्षर माझं आहे, साहेब. रोजचं."

दिवाळीतल्या कालीपूजेला अकराही बायांच्या खात्यात बोनस जमा झाला. गुरुपदची बदली मात्र मागच्या फाटकावर झाली, जिथे कुत्रंही फिरकत नाही. तो घाबरला, दोन दिवस जेवला नाही. मग नऊ पहारेकऱ्यांच्या सह्या घेऊन त्यानेही बोनससाठी अर्ज केला. निकाल अजून लागायचा आहे.

वाचकहो, ठेकेदारामार्फत आलेला कामगारही कामगारच आहे. बोनस ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. आपल्या दिवसांची नोंद आपण ठेवावी, न वाचता अंगठा देऊ नये. आणि कष्टकऱ्याविषयी मनात संशय आला, तर आधी स्वतःला विचारावं: हा संशय माझा आहे, की कुणी माझ्या हाती दिलाय?