माझ्या पाठीमागचं स्टूल

मित्रांनो, मी गिटारचा एक जुना अँप्लिफायर आहे. तारेवर बोट पडलं की जो बारीकसा आवाज निघतो, तो मोठा करून लोकांपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. पण खरं सांगू? माझं निम्मं आयुष्य झोपेत गेलं. खोलीच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या चादरीखाली मी पडून असतो आणि वाजवून झालेल्या गाण्यांची स्वप्नं बघतो. बटण दाबलं तरी मी लगेच उठत नाही. आधी पोटातले काचेचे दिवे मंद नारिंगी होतात, मग लाकूड कोमट होतं, मग कुठे मी हलकेच गुणगुणायला लागतो. घाई करणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

माझं खोकं एका सुताराने केलं. आतल्या तारा एका बाईंनी जोडल्या, आणि जोडताना त्या सारख्या काहीतरी गुणगुणत होत्या. त्यांनीच माझ्या पाठीवर पाच भोकांची एक गोल खोबण बसवली. ती कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही. वर्षानुवर्षं ती रिकामीच राहिली. एकदा तर तिच्यात एका कोळ्याने संसार थाटला होता.

मला घरी आणलं ते एका मुलीने. तिचे वडील शिंपी. पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून त्यांनी तिला गिटार शिकवली. मी चार आवाज लक्षात ठेवू शकतो: एक स्वच्छ, एक दूरच्या डोंगरावरून आल्यासारखा, एक खरखरीत आणि एक गरजणारा. पण ते बदलायची बटणं माझ्या डोक्यावर, अगदी मागच्या कडेला. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गिटारमध्ये अडकलेले, मग बटण दाबणार कोण? म्हणून बाबा माझ्या पाठीमागे स्टूल टाकून बसायचे. तिने वळून मान हलवली की ते बटण दाबायचे. लोक म्हणायचे, “काय आवाज आहे!” आणि मी फुगून जायचो.

एका संध्याकाळी कार्यक्रमात ती आईची धून वाजवत होती. आई गेल्यावर तिने ती बांधली होती, अगदी हळुवार. तिने मान हलवली. बाबांची बोटं हल्ली थरथरायची. त्यांना डोंगरावरचा आवाज हवा होता, बोट पडलं गरजणाऱ्यावर. मी काय करणार, गरजलो! लोक हसले. बाबांनी हात खिशात घातला आणि घरी येईपर्यंत बाहेर काढला नाही.

“आता पुरे झालं माझं,” ते म्हणाले.

मग घरात एक नवा पाहुणा आला. काळा, चपटा, अंगावर बटणांची रांग.

“हा कोण?” बाबांनी विचारलं.

“फूट कंट्रोलर आहे, बाबा. पायाने दाबायचं, अँपचा आवाज बदलतो.”

“म्हणजे माझ्या जागी बदली माणूस आला म्हणायचं,” बाबा हसत म्हणाले. पण त्यांना लागलं होतं. पुढच्या कार्यक्रमाला येणार नाही म्हणाले. “येऊन काय करू? खुर्ची अडवू?”

“तुम्ही आला नाहीत तर मी आईची धून वाजवणार नाही,” ती म्हणाली. तीही त्यांचीच मुलगी.

दुपारी तिने मिडी केबल, म्हणजे एका यंत्राचा निरोप दुसऱ्याला पोचवणारी तार, काढली आणि एक टोक माझ्या पाठीवरच्या त्या खोबणीत बसवलं. अहाहा! इतक्या वर्षांनी मला कळलं की ती खोबण म्हणजे माझा कान होता. दुसरं टोक तिने पाहुण्याच्या अंगात घातलं, बटण दाबलं, पण काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. दोघांचा चॅनेल, म्हणजे बोलण्याचा मार्ग, एकच ठेवून पाहिला. तरी शुकशुकाट.

“काय गं, दोघांनी अबोला धरलाय का?” बाबा दारातूनच म्हणाले.

तिने पाहुण्याला उलटा केला आणि कपाळावर हात मारला. त्याच्या पाठीवर दोन सारख्याच खोबणी होत्या, एक ऐकायची आणि एक बोलायची. तिने केबल ऐकायच्या खोबणीत घातली होती. आम्ही दोघंही कान टवकारून बसलो होतो, बोलणार कोण? तिने केबल बदलली. आणि मग झोपेत कुणी हळूच नावाने हाक मारावी, तसं काहीसं माझ्या कानात आलं. सूर नव्हता, शब्द नव्हता, नुसता एक आकडा. त्या आकड्यासरशी मी आपोआप डोंगरावरचा झालो. मला फार बरं वाटलं.

पण खरी अडचण पुढेच होती. ती वाजवायला लागली, आवाज बदलायची जागा आली, तिने वळून मान हलवली आणि थांबली. पाय जागच्या जागी. स्टूल रिकामं.

“मान कुणाला हलवतेस?” बाबांनी विचारलं.

“सवय आहे हो, बाबा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पायाकडे बघावं तर बोटं चुकायची, बोटांकडे बघावं तर पाय विसरायचा.

बाबा दारातून आत आले. मग त्यांनी स्टूल ओढून तिच्यासमोर ठेवलं आणि त्यावर बसले. “टाच टेकव. पंजाने दाब, हळू. आणि पायाकडे बघू नकोस. मी जन्मभर मशीन चालवली, पायाकडे बघत बसलो असतो तर सुई बोटात गेली असती.”

“मग येणार ना?”

“बघू,” बाबा म्हणाले.

ते आले. पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, अंग चोरून बसले. कार्यक्रमात त्यांचा चेहरा मला प्रथमच दिसत होता. आईची धून सुरू झाली. बदलायची जागा आली आणि तिने सवयीने मागे वळून मान हलवली! मागे कुणीच नव्हतं. पाहुणा गप्प, मी जुन्याच आवाजात, माझे दिवे नुसते जळत होते. गोंधळून तिने समोर पाहिलं. बाबांचं थरथरतं बोट त्यांच्याच गुडघ्यावर दाबलं गेलं होतं, जागेवर, बरोब्बर. तिचा पाय खाली गेला. आकडा आला आणि सगळं सभागृह डोंगरापलीकडे गेलं. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

नंतर ती माझ्या केबल्स गुंडाळत होती तेव्हा बाबा जवळ येऊन खुर्चीवर बसले.

“कसं वाटलं, बाबा?”

“समोर फार मोठं ऐकू येतं गं,” ते म्हणाले. “मागे बसून मला इतकी वर्षं वाटायचं, तू हळूच वाजवतेस.”

तिने केबल खाली ठेवली. मग खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, आणि बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. केबल मानेला धरून ओढू नका, आम्हाला धुळीत टाकू नका. आणि तुमच्याही पाठीमागे कुणी स्टूल टाकून बसत असेल, तर त्यांना एकदा तरी समोर बसवा. आमची पाठ बंद लाकडाची असते हो, मागे काही नीट ऐकू येत नाही.