आईचा जबाब

नर्मदेने तलाठ्याच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला आणि पदर सावरत म्हणाली, "भाऊसाहेब, हक्कसोड लिहून द्यायचीय. कुंभवलीची जमीन. भावाच्या नावे."

मागे दाराशी तिचा धाकटा भाऊ देवू उभा होता. आत यायला तो तयारच नव्हता.

बापाचं वर्षश्राद्ध कालच झालं होतं. गेल्या साली मुलींच्या हक्काचा नवा कायदा आल्यापासून बोईसरच्या आसपास सख्खी भावंडं कोर्टाच्या पायऱ्या झिजवू लागली होती. कारखान्यांमुळे जमिनीला भाव आलेला. नर्मदेला तसलं काही नको होतं. पालघरला तिचा संसार नीट चालला होता. तिला हवं होतं ते माहेर. गौरीला येणारं बोलावणं, उंबऱ्यात पाय ठेवण्याआधी आईने ओवाळून टाकलेला भाकरतुकडा. त्यापुढे जमिनीचा तुकडा तो काय, असं नवऱ्याशी भांडून ती आली होती.

सकाळपासून देवू टाळाटाळ करत होता.

"राहू दे ना ताई. घाई काय हाय?"

किती मोठं मन माझ्या भावाचं, म्हणून तिचे डोळे भरून आले होते. भोळी बिचारी! तिनेच त्याला ओढत इथवर आणलं होतं.

पेढा तोंडात टाकून तलाठ्याने फेरफाराची वही काढली. ओळींवरून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं.

"बाई, तुम्ही मयताच्या कोण?"

"मुलगी. थोरली."

"इथे वारस दोनच आहेत. पत्नी रत्नाबाई आणि मुलगा देवू. मुलगी नाही, असा जबाब आहे. खाली रत्नाबाईंचा अंगठा." त्याने चष्म्यावरून पाहिलं. "जे तुमच्या नावावर नाहीच, ते सोडणार कसं?"

नर्मदेने वळून दाराकडे पाहिलं. देवू चपलेच्या टोकाने माती उकरत होता.

"तू तं सोडनारच होतीस," तो पुटपुटला. "मंग नाव लावलं काय, नाय लावलं काय!"

"सोडनार होते रे. माज्या हातानं तुला देनार होते." तिचा आवाज फुटला. "तू मला बापाची लेकच ठेवली नाय."

तलाठ्याला हे नवीन नसावं. नाव लावायचं तर अर्ज करा आणि आईचा नवा जबाब आणा, एवढं सांगून त्याने वही मिटली.

घरी रत्नाबाई ओट्यावर मोड आलेले वाल सोलत बसली होती. नर्मदा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने आईचे ओले हात धरले.

"आये, जमीन नको मला. नाव लागलं की त्याच दिवशी सोडते, तुज्या गळ्याची आन. फकस्त एकदा चल आनि सांग, ही माजी लेक हाय म्हनून."

म्हातारीने तिच्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडकडा बोटं मोडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग तिची नजर अंगणात सायकल टेकवणाऱ्या लेकाकडे गेली.

"देवूला इचारते," ती म्हणाली.