दसऱ्यानंतरचा काळा पडदा

मी एक फुटका मॉनिटर आहे, मित्रांनो. फुटलो याचं मला वाईट वाटत नाही. का, ते ऐका.

कारखान्यात मला जाड काचेचं तोंड मिळालं आणि मागे हे एवढं पोट. १९९९ साली एसटीच्या टपावरून मी कोकणातल्या कट्टा गावच्या बाजारात, गणपतच्या टायपिंगच्या दुकानात आलो. तेव्हा लोक चपला बाहेर काढून मला बघायला यायचे. दुकान गणपतचं, पण टायपिंग करायची त्याची बायको शेवंती. आपलं आपण शिकली. गणपतला एक ओळ येत नव्हती. घरात तिला तोंड उघडायची सोय नव्हती, माझ्यासमोर बसली की चेहरा खुलायचा. सगळ्या जगात तेवढी एक खुर्ची तिची होती.

२००५च्या दसऱ्याला गणपतने माझी पूजा केली. मला कॉम्प्युटरशी जोडणारी मागची वायर उपसून काढली, तिच्या पिनांना ओलं कुंकू फासलं, दगडावर नारळ फोडून पाणी शिंपडलं आणि वायर तशीच परत खुपसली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. माझ्या तोंडावर दोनच शब्द आले, 'नो सिग्नल'. मग काळोख.

याचा अर्थ एवढाच, की मी धड आहे, माझ्यापर्यंत काही पोचत नाही. पण ऐकतो कोण? गणपतने माझ्या कानफटात दिली. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेला महादू हसला.

"मार, मार! आमचो टीव्ही असोच सुदारता."

गणपतने बुक्के घातले. माझं पोट तडकलं. मग तो शेवंतीकडे वळला.

"गो, कावळो शिवलेलो आसताना हेका हात लावलंस?"

"पोटाक पैसे लागतत तेव्हा विटाळ नसता. हेचो दिवो पेटता मां? वायर बघा आदी."

"माका शिकवतंस?"

त्याने तिचा उजवा हात धरून टेबलाच्या कडेवर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. महादू चपला न घालताच पळाला.

मग मला रस्त्यावर फेकायला गणपतने वायर ओढली. पिनांत लाल चिखल सुकला होता. त्याचंच कुंकू, त्याच्याच बोटांनी फासलेलं. दोघांनीही पाहिलं. त्याने पिना सदऱ्याला पुसल्या, वायर लावली. मी लख्ख उजळलो.

"चलता तां," गणपत म्हणाला. "बस. टाइप कर."

"कोण करतलो? हात तुमी मोडलास."

शेवंतीने डाव्या हाताने टेबलाखालचा नारळ फोडायचा दगड उचलला. गणपत मागे सरला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दगड माझ्या तोंडावर घातला. बार उडाला, काचा गणपतच्या पायांत गेल्या.

"ह्यो घेवा तुमचो नारळ," म्हणाली, आणि तशीच मोडका हात पोटाशी धरून बांद्याला माहेरी गेली.

आता २०१० आहे. मी दुकानामागे माडाखाली पडलोय, पोटात कोंबडी अंडी घालते. गणपतने नवा चपटा मॉनिटर आणलाय, समोर बसायला कोणी नाही. बांद्याहून येणारे सांगतात, शेवंती तिथे टाइप करते, मनगट वाकडं ते वाकडंच.

मित्रांनो, पडदा काळा झाला तर आधी वायर बघा. ज्या घरात आधी माणूस मोडतात आणि मग वायर बघतात, तिथे मला उजळवू नका. तिथे मी फुटलेलाच बरा.