आयुधपूजेचा अंगारा आणि मोठं चुंबक

जे. पी. नगरातल्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. स्वामी माइकवरून गरजत होते, "शास्त्रज्ञांचं मशीन माझ्या अंगाऱ्यापुढे नमलं! मग तुमचा मधुमेह कोण लागून गेला?"

ठकुबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. आठवडाभर त्यांनी इन्सुलिनची सुई टोचली नव्हती. शेजारी धाकटी बहीण राजलक्ष्मी कपाळाला हात लावून बसली होती, कारण मशीन तिच्याच प्रयोगशाळेतलं होतं. लोकांना समजावून समजावून ती आताशा थकली होती.

झालं होतं असं. ती धातूचे अतिशय पातळ पापुद्रे तपासायची. खूप थंड केले की ते अतिवाहक होतात, विजेला अडथळाच उरत नाही. या वेळच्या पापुद्र्यात मुद्दाम लोहाचे कण मिसळले होते आणि अडथळा काही जाईना. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला यंत्रं पुजतात तेव्हा, प्रयोगशाळेचे प्रमुख शेषगिरींनी यंत्राला स्वामींचा अंगारा फासला, आणि अडथळा शून्य! बातमी थेट मंडपात पोचली.

दुसऱ्या दिवशी ती ठकुबाईंना प्रयोगशाळेत घेऊन गेली. शेषगिरींसमोर तिनं यंत्राला अंगारा फासला. अडथळा दाखवणारा काटा ढिम्म.

"श्रद्धा कमी पडली," शेषगिरी म्हणाले.

तिनं अंगारा पुसला आणि मोठं चुंबक चालू केलं. काटा शून्यावर!

"सर, पूजेला सगळी यंत्रं चालू हवीत म्हणून तुम्ही हेही चालू केलं होतंत."

"अगं, पण चुंबक तर अतिवाहकता मारतं!"

"बहुतेकदा. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. अक्का, इलेक्ट्रॉन जोडीनं फुगडी घालतात असं समज. लोहाचे कण वाटेल तसे गरगरत त्यांचे हात सोडवतात. चुंबकानं कणांची तोंडं एका दिशेला धरली की फुगडी चालू. चुंबकाचा जोर फार वाढवला, तर मात्र मोडतेच." तिनं जोर वाढवून दाखवला. काटा परत वर चढला.

"सरी, बरं," शेषगिरी पुटपुटले, "पण बाहेर बोलू नकोस. लोकांच्या भावना असतात."

"भावना तुमच्या सर, साखर हिची वाढतेय!" राजलक्ष्मीला रडूच कोसळलं.

ठकुबाई टेबल धरून उठल्या. त्यांना भोवळ येत होती. "रडू नकोस गं. आधी डॉक्टरांकडे चल."

वाचकहो, नवल दिसलं की एवढंच विचारा, त्या वेळी आणखी काय बदललं होतं? एकेक गोष्ट काढून बघा. आणि बघून होईपर्यंत, कृपा करून, कुणाचं औषध बंद करू नका.