पंख्यातल्या आसरा

दारणेच्या धरणावर त्या दिवशी नुसती जत्रा. घोटीचा बाजार सोडून माणसं काठावर जमलेली, कारण आमच्या होडीतल्या मशीनच्या कागदावर म्हणे साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, उमटत होत्या!

मशीन मासे शोधायचं, मच्छीमार सोसायटीनं नवंच आणलेलं. एक लोखंडी वाटी पाण्यात सोडायची. ती खाली आवाज धाडते, आवाज माशावर आपटून माघारी येतो आणि पेटीतली सुई कागदावर काळी खूण काढते. पेटीपाशी माझी दहावी शिकलेली सून लता बसायची, इंजिनावर माझा लेक निवृत्ती. पण होडी पळू लागली की कागद काजळासारखा काळा. मासा दिसेना, तळ दिसेना.

झुंबर भगताला एवढंच पाहिजे होतं. लागला घुमायला. "हूंऽऽ! आसरा खवळल्या! बाईमाणूस होडीत चढलं! या सुनेला माहेरी धाडा, नायतर धरण एकेकाला गिळंल!"

पुरावाही दिला. होडी भरधाव सोडायला लावली, कागद काळा. मग लिंबू पाण्यात फेकून ओरडला, "आयांचा मान राखा, इंजिन बंद!" इंजिन थांबलं, कागद स्वच्छ. तो कागद काठावर हातोहात फिरला आणि बाया कानाला हात लावू लागल्या.

माझा शूर लेक मान खाली घालून म्हणाला, "आई, जाऊ दे ना तिला थोडे दिवस." लताची पिशवी भरून काठावर आणून ठेवलेली होती.

"सून मी आणलीय. धाडायची का नाय ते मी ठरवीन," म्हणत मी लताला हाताला धरून होडीत चढवलं, मागून स्वतः चढले.

"आई, आसरा धरतील तुला!"

"धरू दे. दोन दिवसांत हात जोडून परत आणून सोडतील. झुंबर, तू बी चल. लिंबाची टोपली घे."

मध्यावर गेलो. होडी भरधाव, कागद काळा.

"झुंबर, लिंबू हातातच ठेव. निवृत्ती, इंजिन बंद कर."

कागद स्वच्छ!

"आता इंजिन चालू. झुंबर, टाक लिंबू."

टाकलं. कागद काळाच. आणखी टाकलं. काळाच. टोपली रिकामी झाली तरी काळाच.

"अरे झुंबर, तुझ्या आसरा लिंबाला कुठं भितात? त्या निवृत्तीच्या इंजिनाला जुंपलेल्या हायेत!"

"लिंबं... लिंबं कच्ची होती," झुंबर पुटपुटला.

मी मागं वाकून पाहिलं. इंजिनाचा पंखा पाणी घुसळत होता, सगळा फेस. आणि वाटी त्याच्याच कुशीत! होडीच्या तोंडाला आम्ही हळदकुंकू लावतो, तिथं लोखंड ठोकायचं नाही, म्हणून आमच्याच शहाण्यांनी ती शेपटाला बांधलेली.

"लता, ताक घुसळताना रवीशेजारी काय दिसतं?"

"फेस, आत्याबाई." आणि पोरगी उडालीच. "आत्याबाई, बुडबुडे! आवाज बुडबुड्यांवरच आपटून माघारी येतोय!"

तिनं वाटी सोडली, बांबूला बांधली आणि होडीच्या मध्यावर, पंख्यापासून लांब, बुडाच्या हातभर खाली सोडली. तोंडाशी नको म्हणाली, तिथंही लाटा आपटून फेस होतो. निवृत्तीनं इंजिन चालू केलं. कागदावर तळाची एक ठळक रेघ आली, आणि तिच्यावर माशांच्या खुणा, भाकरीवर तीळ पेरावेत तशा.

जाळं वर आलं तेव्हा निवृत्तीला बायकोकडे बघायची लाज वाटत होती. वाटू दे. माहेरची पिशवी रिकामी झाली आणि तिच्यात मासळी भरली.

काठावर झुंबर लाळघोटेपणानं म्हणाला, "वयनी, एखादा कटला द्या की."

लता म्हणाली, "आधी आयांना विचारा, बाईमाणसानं धरलेला चालतो का?"

काठ हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या मघाशी कानाला हात लावणाऱ्या बाया.

बायांनो, पाण्याला मान द्या, त्यावरच आपलं पोट आहे. पण कुणी घुमत येऊन तुमच्या लेकीसुनेकडे बोट दाखवलं, तर लगेच तिची पिशवी भरू नका. लिंबू त्याच्या हातातच राहू द्या आणि आधी इंजिन बंद करून बघा.